डिझेल गाडी मिसिंग मारते तर नोझल बदलावे का?

तुम्ही विचारलंय की पिकअप सकाळी थंडीत मिसिंग मारते (एखादा सिलेंडर नीट पेटत नाही, इंजिन अडखळतं), पांढरा धूर सोडते, गरम झाली की नीट चालते आणि मेस्त्री म्हणतो चारही नोझल, म्हणजे सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारे, बदला. थांबा भो. नोझल शब्द ऐकला की माझं डोकं सरकतं, म्हणून लिहितोय.

आमची जुनी, मेकॅनिकल डिझेल पंपवाली पिकअप. सावद्याहून केळी भरून संभाजीनगरला निघालो, फर्दापूरपर्यंत काही कुरकुर नाही, अजिंठ्याचा घाट लागला अन् फटफट सुरू, दुसऱ्या वळणावर गाडी बंद. एप्रिलचं ऊन, मागे घड तापतायत, व्यापाऱ्याचे फोनवर फोन. फिल्टरवरचा हँडपंप दाबला की चालू, थोडं चढलो की परत तेच.

माझे साडू भुसावळचे, गाडीतलं आपल्याला सगळं कळतं असं त्यांचं मत. म्हणे नोझलच गेले, डिझेल पंप दुरुस्त करणारा माझ्या ओळखीचा आहे. चार नोझल आणि पंपाचं कॅलिब्रेशन मिळून साडेअठरा हजार. पुढची खेप, तोच घाट, तेच वळण!

शेवटी फैजपूरच्या एका म्हाताऱ्या ट्रॅक्टर मेस्त्रीने फिल्टर अन् पंपाच्या मधे हातभर पारदर्शक नळी जोडली, रेस दिली, तर नळीत सोड्यासारखे बुडबुडे. टाकीकडून येणारा रबरी पाईप क्लिपजवळ चिरला होता. तिथून पंप डिझेल ओढतो, त्यामुळे चिरेतून डिझेल गळत नाही, उलट हवा आत जाते, खाली थेंब दिसत नाही म्हणून कुणाला शंकाच येत नाही. चढाला डिझेल जास्त लागतं, ओढ वाढते, हवाही वाढते. पाईप आणि दोन क्लिपा, ९० रुपये.

तुमचं सकाळीच होतंय ना, मग हीटर प्लग (थंड इंजिन चालू व्हायला सिलेंडर तापवणारे) असतील तर आधी ते बघा, प्लगची वायर काढून बॅटरीचा प्लस आणि प्लगचं टोक यांच्यामधे चेक लॅम्प लावा, लॅम्प पेटला नाही तर प्लग मेला. थंडीतला असा पांढरा धूर म्हणजे बहुतेक न जळलेलं डिझेल. फिल्टरखालचा नट सैल करून पाणीही काढा. गरम झाल्यावरही एकच सिलेंडर मिस करत असेल तर व्हॉल्व्ह, कॉम्प्रेशन (सिलेंडरमधे हवा किती दाबली जाते ते) बघावं लागेल. कोणता सिलेंडर ते कळायला चालू इंजिनात एकेका नोझलच्या पाईपचा नट जरा सैल करायचा, ज्याने आवाज बदलत नाही तो मेलेला.

हां, हे फक्त जुन्या पंपवाल्या गाडीला. कॉमन रेल (कॉम्प्युटरवर चालणारी नवी डिझेल सिस्टीम) असेल तर चालू इंजिनात त्या पाईपला हातही लावू नका, प्रेशर हजार बारच्याही वर जातं, डिझेलची धार कातडीत घुसते. तिथे स्कॅनर लावा आणि नोझलचं रिटर्न, म्हणजे नोझलमधून टाकीकडे परत जाणारं डिझेल, मोजून घ्या. आणि नोझल जातच नाहीत असं मी म्हणत नाहीये, पण आधी टेस्टिंग, मग पैसे.

माझे काढलेले चारही मी नंतर टेस्ट करून घेतले. तीन ठणठणीत, चौथा जरा टपकत होता. साडू त्या चौथ्यावरच अडून बसलेत, लग्नाकार्यात भेटले की अजून म्हणतात, एक तर खराब होता ना. अहो मग एकच बदलायचा होता की!