पात्राचं रूप कुणाला दिसतं? : वाचकांची पत्रं

या वेळी आलेली बरीचशी पत्रं ऑनलाइन गेममधल्या पात्रांच्या दिसण्याबद्दल आहेत. पात्रांचे पोशाख आणि चिलखतं घडवणं हे माझं रोजचं काम, आणि रात्री मी हीलर म्हणून, म्हणजे साथीदारांच्या जखमा भरणारं पात्र घेऊन, खेळते. त्यामुळे या विषयावर मला पडद्याच्या दोन्ही बाजूंनी बोलता येतं. प्रत्येक पत्र वाचताना मनात आधी एकच प्रश्न येतो : हे रूप नक्की कुणाला दिसणार आहे?

*

ताई, नवा गेम घेतला आणि कॅरेक्टर बनवण्यात अख्खी संध्याकाळ गेली. नाक, जबडा, डोळ्यांतलं अंतर, सगळं मनासारखं जमलं होतं. पण खेळ सुरू झाल्यावर तो चेहरा परकाच वाटायला लागला. असं का होतं?

पहिलं कारण उजेड. पात्र घडवतानाच्या पडद्यावर प्रकाश बेतून लावलेला असतो. समोरून मऊ उजेड आणि मागून केसांची कड उजळवणारा दुसरा दिवा, म्हणजे कुठलाही चेहरा देखणा दिसतो. खेळात ऊन डोक्यावरून येतं. भुवयांखाली, नाकाखाली सावल्या पडतात आणि खोल बसवलेले डोळे दिसेनासे होतात. दुसरं कारण कॅमेरा. चेहरा जवळून दाखवताना त्याचा कोन सहसा अरुंद ठेवतात. खेळताना तो रुंद होतो, आणि जवळ गेलात तर नाक पुढे आल्यासारखं वाटतं. शिवाय नाक-जबड्याचं माप कमी-जास्त करणारे स्लायडर हलवताना तुम्ही निश्चल चेहरा बघत होतात. पात्र हसतं, ओरडतं, तेव्हा टोकाला नेलेला जबडा किंवा फार पातळ केलेले ओठ विचित्र ताणले जातात. म्हणून स्लायडर शेवटापर्यंत कधी ओढू नका, थोडी जागा राखा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पात्राच्या मागून कॅमेरा धावणाऱ्या गेममध्ये तुम्हाला चेहरा फारसा दिसतच नाही. दिसते ती पाठ. केसांचा मागचा आकार, खांद्यांची रुंदी, चाल, पळताना होणारी पोशाखाची हालचाल. म्हणून मी क्रम उलटा लावते. आधी उंची आणि बांधा, मग केस, मग रंग, आणि चेहरा सगळ्यात शेवटी. कॅमेरा इतका मागे नेते की पात्र अंगठ्याएवढं दिसेल. तेवढ्यावरून ते ओळखू येत असेल तरच पुढे जाते. माझी हीलर बुटकी आहे, खांद्यांनी रुंद, आणि केस करडे, आखूड कापलेले. सुंदर दिसावी म्हणून मी ती तशी घडवली नाही. मंत्रांच्या लखलखाटात आमच्या टँकला, म्हणजे पुढे उभं राहून मार झेलणाऱ्या साथीदाराला, नजरेच्या कोपऱ्यातून कळावं की ही इथे उभी आहे, म्हणून घडवली. आणि आता मला ती सुंदरही वाटते.

शक्य असेल तिथे वेगवेगळ्या उजेडात रूप तपासा. फायनल फँटसी फोर्टीन या ऑनलाइन गेमचं बेंचमार्क सॉफ्टवेअर, म्हणजे आपला संगणक तो खेळ पेलेल का हे तपासणारं, फुकट मिळतं. त्यात पात्र बनवून, निरनिराळ्या पार्श्वभूमीवर बघून, ते जतन करून खऱ्या खेळात आणता येतं. पुढे काय बदलता येतं हेही आधीच बघून ठेवा. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये 2008 पासून न्हाव्याचं दुकान आहे. फायनल फँटसीत केस सहज बदलतात, पण वंश किंवा चेहऱ्याची ठेवण बदलायची तर फँटेसिया नावाचं औषधच लागतं.

*

माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. फोर्टनाइट खेळतो. स्किन, म्हणजे पात्राचं वेगळं रूप किंवा पोशाख, विकत घेतलेली नाही म्हणून मित्र त्याला ‘डिफॉल्ट’ म्हणतात. परवा रडून आला. नुसत्या कपड्यांसाठी पैसे मागतो, खेळात त्यांचा काही उपयोगही नाही म्हणतो. मग घ्यायचे कशाला?

रडला असेल, तर त्याला लागलं आहे, हे आधी मान्य करा. ‘खोट्या कपड्यांसाठी काय रडायचं’ असं कृपा करून म्हणू नका. एका सामन्यात शंभर खेळाडू असतात आणि ज्यांनी काही निवडलेलं नाही त्यांना गेम ठरावीक साध्या रूपांतलं एखादं देतो. त्यामुळे मुलांनी त्याचा अर्थ लावला : हा नवखा, ह्याला खेळता येत नाही. स्किनने बंदुकीचा नेम सुधारत नाही, हे तुमचा मुलगा बरोबरच सांगतो. पण मित्रांच्या डोळ्यांना ती दिसते, आणि त्या वयात तेच सगळं असतं. तुमचा मुलगा हट्टी नाही. त्याला टोळीत जागा हवी आहे.

दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगते, कारण मी या धंद्यात आहे. गेममधलं दुकान घाई करायला लावण्यासाठी रचलेलं असतं. आज दिसणारी वस्तू उद्या नसेल, असं घड्याळ समोर चालू असतं. पैशांऐवजी गेमचं स्वतःचं चलन असतं, ते ठरावीक गठ्ठ्यांत मिळतं, आणि थोडंसं नेहमी उरतं. ते उरलेलं पुढच्या खरेदीला खुणावतं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2022 च्या डिसेंबरमध्ये याच गेमच्या कंपनीशी तडजोड जाहीर केली. त्यात ग्राहकांना परत करण्यासाठी 24.5 कोटी डॉलर मोजायचे ठरले. बटणांची मांडणी अशी होती की चुकून एक बटण दाबलं तरी खरेदी होत होती, आणि मुलं पालकांच्या संमतीशिवाय खरेदी करू शकत होती, असा कमिशनचा आरोप होता. तेव्हा खात्यावर पालकांचं नियंत्रण लावा, खरेदीला तुमचा पिन ठेवा, आणि कार्ड जतन करू नका.

त्यानंतर एक स्किन घेऊन द्या. हो, घेऊन द्या. पण रक्कम आधी ठरवा आणि निवड पूर्णपणे त्याच्यावर सोडा. दुकानात दिसल्या दिसल्या नाही, तर त्याच्या मनात काही दिवस टिकली तरच घ्यायची, आणि दुकानातून गेली तर जाऊ द्यायची, हे दोघांनी मिळून ठरवा. जी वस्तू काय आहे हे समोर दिसतं तीच घ्यायची. बंद पेटी उघडून नशीब आजमावण्याचा प्रकार कुठल्याही गेममध्ये दिसला तर साफ नाही म्हणा. बेल्जियमच्या जुगार आयोगाने 2018 मध्ये अशा काही पेट्या जुगारातच मोडतात असं ठरवलं, आणि मला ते पूर्ण पटतं. चिडवणाऱ्या मुलांपैकी एखाद्याला घरी खेळायला बोलावता आलं तर तेही करून बघा.

*

मी पुरुष आहे, पण नेहमी स्त्री पात्र घेऊन खेळतो. टीममधले म्हणतात, ही फसवणूक आहे. तुमचं मत?

फसवणूक नाही. तुम्ही कुणाचा विश्वास मिळवून काही उकळत असाल तर ती फसवणूक, मग पात्र कुठलंही असो. कुणी सरळ विचारलं तर सरळ सांगा, एवढं पुरे.

पण रूप घेतल्याने आपण थोडे बदलतो, हे खरं आहे, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांनी 2007 मध्ये आभासी जगात केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. ज्यांना देखणं रूप दिलं ते समोरच्याच्या जास्त जवळ जाऊन उभे राहिले, स्वतःविषयी जास्त बोलले. ज्यांना उंच रूप दिलं ते पैशांच्या वाटणीत जास्त ताठर झाले. याला ‘प्रोटियस इफेक्ट’ म्हणतात. रस्ट या गेमने तर निवडच काढून घेतली. 2015 मध्ये कातडीचा रंग आणि 2016 मध्ये स्त्री-पुरुष देह, दोन्ही खात्यानुसार आपोआप ठरू लागले आणि ते बदलताही येत नाहीत. काही खेळाडू फार चिडले. मला तो निर्णय धाडसी वाटतो. पण मी स्वतः तसा गेम बनवणार नाही, कारण आपलं रूप आपण निवडण्यातला आनंद मला कुणाकडून हिरावून घ्यायचा नाही. तुम्ही तुमची निवड करत राहा.

*

शूटिंग गेममध्ये अंधारात मिसळून जाईल अशी काळी स्किन घातली तर ती चीटिंग होते का? गेमनेच विकली आहे ना!

नियमाने चीटिंग नाही. दोष बनवणाऱ्यांचा. कॉल ऑफ ड्यूटी वॉरझोनमधल्या रोझ या पात्राचा 2020 मध्ये आलेला पूर्ण काळा पोशाख असाच होता. अंधाऱ्या कोपऱ्यात ती दिसायचीच नाही. तक्रारींचा पाऊस पडल्यावर 2021 मध्ये तो पोशाख उजळ करावा लागला.

हे आधीच टाळता येतं, आणि कसं ते 2007 च्या टीम फोर्ट्रेस 2 मध्ये बघा. नऊ प्रकारची पात्रं, आणि प्रत्येकाची नुसती काळी आकृती बघितली तरी कोण ते कळतं. छातीच्या उंचीवर, जिथे हातात शस्त्र असतं, तिथे रंगांचा फरक सगळ्यात ठळक ठेवला आहे, म्हणजे नजर आपोआप शस्त्राकडे जाते. एका संघाला उबदार रंग, दुसऱ्याला थंड. 2009 पासून त्यात टोप्यांचा सुकाळ झाला, पण ज्याच्या डोक्यावर टोपी आहे तो कोण हे ओळखू येतं. माझ्या टेबलावरही हाच नियम आहे. समोरच्याला ‘कोण आलं’ हे दुरून कळत नसेल, तर पोशाख कितीही सुरेख असो, तो परत जातो. तुमच्याकडे ती काळी स्किन असेल तर मित्रांच्या सामन्यात ती घालू नका, असं मी म्हणेन. तुमचा नेम चांगला आहे की अंधार चांगला आहे, हे तुम्हालाही कळायला हवं.

*

फायनल फँटसी फोर्टीनमध्ये माझी व्हिएरा आहे, लांब कानांची. बऱ्याच टोप्या घातल्या तरी दिसतच नाहीत. बग आहे का?

बग नाही. एक टोपी म्हणजे आमच्यासाठी एक टोपी नसते. या खेळात आठ वंश आहेत, प्रत्येकाचे दोन देह, म्हणजे सोळा डोकी. प्रत्येक डोक्यावर ती बसवायची, केस त्यातून बाहेर घुसणार नाहीत हे बघायचं. तुमच्या व्हिएराचे कान थेट वर उभे, आणि ह्रॉथगरचं डोकं सिंहासारखं. हे दोन वंश 2019 मध्ये आले, तोवर खेळात जुन्या टोप्यांचा ढीग साचला होता. सगळ्या पुन्हा शिवण्यापेक्षा त्या लपवणं निवडलं गेलं. पुढे हळूहळू काही टोप्या दिसू लागल्या आहेत. तोवर चष्मा वापरा, 2024 पासून त्याला स्वतंत्र जागा मिळाली आहे. आणि टोपीवर गिल, म्हणजे खेळातले पैसे, खर्च करण्याआधी ‘ट्राय ऑन’ दाबून तुमच्याच डोक्यावर ती दिसते का बघा.