फोटो द्यायचा तर नावगावासकट दे

प्रिय बाय,

तुझं पत्र वाचलं. दोन तक्रारी एकाच आठवड्यात अंगावर आल्या, राग येणारच. चिखलकाल्याचा, म्हणजे चिखलात खेळायच्या आपल्या उत्सवाचा, तुझा फोटो कुणीतरी फलकावर छापला आणि खाली तुझं नाव नाही. त्यात फोटोंवर काम करायच्या प्रोग्रॅमचं वर्षाचं भाडं संपलं, तर स्वतःच्या फोटोंवर स्वतः केलेलं काम तुला नुसतं बघता येतं, त्यात काडीचाही बदल करता येत नाही. वर तू विचारतेस, ‘काका, तुम्ही इतकी वर्षं फोटो फुकट देता, तुम्हाला हे सगळं चालतं कसं?’

नाव गाळलेलं मला चालत नाही. पण म्हणून फोटो देणं मी थांबवलेलं नाही आणि तूही थांबवू नयेस. मात्र द्यायची एक रीत आहे. ती पाळली नाही तर दिलेला फोटो कुणाच्याच उपयोगी पडत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दिवाडीच्या खाजनातल्या, म्हणजे नदीकाठी बांध घालून राखलेल्या शेतातल्या, एका मानशीचा फोटो मी काढला होता. मानस म्हणजे बांधातलं पाण्याचं दार. भरतीचं पाणी चढलं की त्याच्या दाबानं मानशीची लाकडी दारं आपोआप मिटतात आणि खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटी लागली की तीच दारं उघडतात आणि शेतातलं पाणी नदीकडे निघून जातं. माझ्या फोटोत दारं अर्धवट उघडी आहेत. फळ्यांवर पाणी कुठवर चढलं होतं त्याची ओली रेघ दिसते, रेघेच्या खाली कालवं चिकटलेली आहेत आणि तोंडाशी जाळं बांधलेलं आहे. ऊन भर दुपारचं, सपाट. स्पर्धेत तो टिकला नसता. पण मी त्याखाली गाव लिहिलं, तारीख लिहिली, ओहोटी सुरू होऊन थोडा वेळ झाला होता हे लिहिलं, जाळं कशासाठी बांधतात तेही दोन ओळींत लिहिलं, आणि फोटो विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे कुणालाही वापरता येतील अशा फोटोंच्या इंटरनेटवरच्या संग्रहात, ठेवला. पुढे एका शिक्षिकेनं तो भूगोलाच्या तासाला दाखवला, एका विद्यार्थ्यानं प्रबंधात घेतला. दरम्यान त्या मानशीची दुरुस्ती झाली आणि लाकडाची ती दारं गेली. आता ती कशी होती हे दाखवायला तो फोटो आहे.

गोव्याचे फोटो जगात कमी नाहीत. पण ते किनाऱ्याचे, सूर्यास्ताचे आणि जुन्या गोव्यातल्या चर्चचे. सत्तरीतली घोडेमोडणी म्हणजे कमरेला लाकडी घोडे बांधून केलेला नाच, कुंभारजुव्याचं सांगोड म्हणजे होड्या जोडून केलेला तरंगता मंच, पेडण्यातल्या एखाद्या देवळासमोर रात्रभर चालणारं मराठी नाटक आणि पडद्यामागे रंग लावत बसलेले गावकरी, हे शोधायला गेलं तर हाती फार थोडं लागतं, आणि जे लागतं त्याच्याखाली गावाचं नावसुद्धा नसतं. गोवा विद्यापीठानं कोकणी विश्वकोश २०१३ साली खुल्या परवान्याखाली सगळ्यांना वापरायला दिला. एक मोठी संस्था इतका मजकूर मोकळा करू शकते, तर आपल्या गावचे फोटो आपण मोकळे का करू नयेत? ते बाहेरचं कुणी येऊन काढणार नाही. काढलेच तर मानस आणि बांध यातला फरक त्याला कुणी सांगायचा?

आता फलकाचं. तू फोटो नुसता टाकलास, कुठलाही परवाना लिहिला नाहीस. बऱ्याच जणांना वाटतं की काही लिहिलं नाही म्हणजे फोटो सगळ्यांचा. कायदा नेमकं उलटं सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटो काढल्या क्षणी हक्क तुझा होतो, कुठे नोंदणी करावी लागत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर हा हक्क तुझी हयात आणि पुढे ६० वर्षं राहतो. याच कायद्याच्या कलम ५७ नं कर्त्याला आपलं नाव लावून घ्यायचा वेगळा हक्क दिलेला आहे. तेव्हा फलकवाल्यांनी परवानगीही घेतली नाही आणि नावही दिलं नाही. त्यांना लिही, जरूर लिही. पण आधी भेट घे. गावातली माणसं आहेत, बहुधा कुणीतरी फोनवर आलेला फोटो छपाईवाल्याकडे ढकलला असेल. नाव घालून फलक पुन्हा लावा, इतकंच माग.

त्या ६० वर्षांचा दुसरा अर्थ मला जास्त अस्वस्थ करतो. तू काहीच लिहून ठेवलं नाहीस तर तुझ्या पश्चात दोन पिढ्या उलटेपर्यंत तो फोटो कुणालाही बिनघोर वापरता येणार नाही. तोवर तुझे वारस कोण, परवानगी कुणाची घ्यायची, हे कोण शोधत बसणार? म्हणून परवाना स्पष्ट लिहायचा. क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेचे, आपली कृती इतरांना वापरू द्यायचे तयार परवाने २००२ च्या डिसेंबरात आले, सध्याची ४.० ही आवृत्ती २०१३ पासून आहे. त्यातला मी वापरतो तो ‘बाय-एसए’: वापरा, बदला, छापा, पण माझं नाव द्या, परवान्याचा उल्लेख करा, बदल केला असेल तर तसं सांगा, आणि त्यातून जे नवं कराल तेही याच अटीवर द्या.

तू ‘नॉन-कमर्शिअल’ची, म्हणजे व्यापारासाठी वापरू नये अशी, अट घालायचं म्हणतेस. ती घालू नकोस. हॉटेलवाल्यानं आपल्या फोटोवर पैसे मिळवू नयेत हा तुझा मुद्दा मला कळतो. पण हॉटेलवाला तसाही विचारत नाही. ती अट अडवते ती विचार करणाऱ्या सरळ माणसाला. जत्रेची स्मरणिका काढणाऱ्या देवस्थानाला प्रश्न पडतो, आपण जाहिराती घेतल्यात, मग हा व्यापार झाला का? शाळेचं पुस्तक छापणारा छोटा प्रकाशक मागे सरतो. विकिमीडिया कॉमन्स तर ही अट असलेला फोटो घेतच नाही. आणि ‘लहान आकाराचा मोकळा, मोठा विकायचा’ या वाटेवरही विसंबू नकोस. दोन्ही प्रती कायद्यानं एकच कृती ठरू शकतात, असं क्रिएटिव्ह कॉमन्सनंच सांगून ठेवलं आहे. जो फोटो विकावासा वाटतो, तो सरळ विक. तो मोकळा करूच नकोस. कारण दिलेला परवाना परत घेता येत नाही. उद्या तू फोटो काढून टाकलास तरी ज्यांनी आधी घेतला त्यांचा हक्क कायम राहतो.

परवाना दिल्यावरही नाव गाळणारे भेटतील. अट मोडली की परवाना आपोआप संपतो. पण चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत सुधारली तर ४.० मध्ये तो पुन्हा लागू होतो. ही तरतूद मला फार आवडते. मी पत्रात एवढंच लिहितो की फोटो माझा आहे, नाव असं द्यायचं आहे, आणि तुमच्या हातात ३० दिवस आहेत. छापायची ओळही तयार करून देतो, म्हणजे समोरच्याला विचार करावा लागत नाही. बहुतेक जण सुधारतात.

काही फोटो मात्र कुणालाच देऊ नयेत. शिरगावच्या लईराईच्या जत्रेत होमकुंडातून निघालेल्या धोंडाचा, म्हणजे निखाऱ्यांवरून चालणाऱ्या व्रतस्थ भक्ताचा, थकलेला, उघडा पडलेला चेहरा तुला मिळाला, पण तो चेहरा त्याचा आहे. परवाना फक्त तुझ्या हक्कापुरता असतो, त्याची संमती त्यात येत नाही. चिखलात खेळणारी लहान मुलं ओळखू येत असतील तर आईबापांना विचार. आणि धनेशाच्या ढोलीचा फोटो टाकशील तर आतलं जीपीएस आधी काढ. मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेऊन बसलेली असते. फोटोत लपलेला ठिकाणाचा आकडा वाचून तिथे दहा जण कॅमेरे घेऊन पोचले, तर नर चारा घेऊन यायचा बिचकतो. मोले असो की म्हादईचं रान, तालुक्याचं नाव पुरे. पणजीच्या भिंतींवरच्या रंगीत चित्रांचंही जपून. इमारती आणि सार्वजनिक जागी कायमचे उभे असलेले पुतळे यांचे फोटो घ्यायला आपल्या कायद्यात मुभा आहे. भिंतीवर रंगवलेल्या चित्रांना ती तशी नाही. चित्रकाराला विचारूनच परवाना लाव.

आता प्रोग्रॅमकडे येतो. त्यावर माझं मत ठाम आहे.

फोटो तुझा, मेहनत तुझी, आणि किल्ली दुसऱ्याकडे, अशी व्यवस्था पत्करू नये. भाडं द्यायला माझी हरकत नाही, चांगलं काम करणाऱ्यांना पैसे मिळालेच पाहिजेत. हरकत आहे ती तुझी माहिती कुठे साठते याला. असले बरेच प्रोग्रॅम तू लिहिलेल्या ओळी, पसंतीचे दिलेले तारे, केलेले बदल हे सगळं स्वतःच्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे आपल्या वेगळ्या नोंदवहीत, ठेवतात. फोटोच्या फाइलमध्ये त्यातलं काहीच नसतं. सेटिंगमध्ये कुठेतरी आत ‘माहिती फाइलमध्येही लिहा’ असा पर्याय असतो, तो मुद्दाम सुरू करावा लागतो. माझ्या एका जुन्या प्रोग्रॅमनं नव्या संगणकावर चालायचंच नाकारलं. फोटो होते, पण कुठला देव, कुठलं गाव, पालखीपुढे कोण, हे ज्या ओळींत लिहिलं होतं त्या सगळ्या त्याच्या पोटात. त्या बाहेर काढण्यात अख्खा पावसाळा गेला. जुना संगणक चालू होता म्हणून त्या मिळाल्या तरी.

तेव्हा भाडं आणखी एक महिन्याचं भर, चिडू नकोस, आणि त्या महिन्यात दोनच कामं कर. सगळ्या फोटोंची माहिती फाइलमध्ये किंवा शेजारच्या एक्सएमपी फाइलमध्ये, म्हणजे फोटोची माहिती साठवणाऱ्या छोट्या फाइलमध्ये, लिहून घे. आणि ज्या फोटोंवर खरोखर मेहनत केलीस त्यांच्या पूर्ण आकाराच्या जेपेग प्रती काढून ठेव, कारण एका प्रोग्रॅममधले रंगांचे बदल दुसऱ्यात जसेच्या तसे उघडत नाहीत. रॉ फाइली, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेल्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइली, अर्थातच जपायच्या.

त्यानंतर डार्कटेबल आणि डिजिकॅम वापरून बघ. दोन्ही मोफत आहेत, दोन्हीचा कोड खुला आहे. डिजिकॅम फोटो लावून ठेवायला, नावं द्यायला. डार्कटेबल रॉ फाइलीवर काम करायला, आणि ते केलेले बदल फोटोशेजारच्या एक्सएमपी फाइलीत लिहून ठेवतं. डार्कटेबल शिकायला अवघड आहे, हे आत्ताच सांगतो. एकाच कामाला तीन-तीन मॉड्यूल, म्हणजे वेगवेगळी साधनं, दिसतात आणि कुठलं वापरायचं ते कळत नाही. तू एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, क्रॉप आणि डिनॉइज एवढ्यावरच थांब, पावसातल्या फोटोंना तेवढं पुरतं. नवी आवृत्ती घेण्याआधी बॅकअप घे, कारण नव्या आवृत्तीनं उघडलेला डेटाबेस जुनी आवृत्ती पुन्हा उघडत नाही.

देवनागरीची एक अडचण तुला येईलच. फोटोच्या एक्झिफमधले, म्हणजे कॅमेरा फाइलमध्ये जी माहिती लिहितो तिच्यातले, नाव आणि हक्काचे रकाने मुळात रोमन अक्षरांपुरतेच आखलेले होते, युनिकोडची, म्हणजे देवनागरीसकट सगळ्या लिप्यांची, सोय २०२३ च्या आवृत्तीत आली. तिथे मराठीत नाव लिहिलंस तर पुष्कळ ठिकाणी नुसती प्रश्नचिन्हं उमटतात. त्या रकान्यांत नाव रोमनमध्ये लिही. फोटोखालची ओळ मात्र एक्सएमपीमध्ये अस्सल मराठीत लिही, तिथे ती शाबूत राहते. आणि ‘जत्रेतील एक क्षण’ असली ओळ नको. ‘माशेल, देवकीकृष्ण देवळासमोरचं मैदान, आषाढी एकादशीनंतरचा चिखलकालो’ अशी ओळ हवी. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो म्हणून पाठवलास तर ही सगळी माहिती गळते आणि आकारही घटतो. छपाईसाठी कुणी मागितला तर डॉक्युमेंट म्हणून पाठव. फलकावरचं तुझं नाव बहुधा असंच कुठेतरी गळालं असेल.

फोल्डरला तारीख आणि गावाचं नाव दे, आणि दोन हार्ड डिस्क ठेव, दुसरी दुसऱ्या घरात. पावसाळ्यात इथे कपाटात बुरशी धरते, तेव्हा लेन्सच्या डब्यात सिलिका जेल असू दे आणि डिस्क अधूनमधून चालवून बघ.

रविवारी दुपारनंतर मी घरीच आहे. हार्ड डिस्क आणि कॅमेरा दोन्ही घेऊन ये. प्रोग्रॅममधून माहिती बाहेर काढायला दोघं बसलो तर लवकर उरकेल. कॅमेऱ्याचं घड्याळही लावून देतो, तू पाठवलेल्या फोटोंवर रात्रीच्या पालखीला सकाळची वेळ पडली आहे. त्रिपुरारी पौर्णिमेला विठ्ठलापूरला वाळवंटी नदीत नौका सोडतात तेव्हा तू जाणारच आहेस, त्याआधी ते झालेलं बरं.

तुझा
काका