कोऱ्या कागदावर सही मागतायत, देऊ का?

प्रश्न : ताई, मी तासगाव तालुक्यातल्या एका अनुदानित हायस्कूलमध्ये 17 वर्षं लिपिक आहे. पोषण आहाराची वही माझ्याकडे होती. सहावी ते आठवीच्या कॅटलॉगात हजर 171, आणि आहाराच्या वहीत जेवलेली मुलं 212. रोजचंच. मुख्याध्यापकांना तोंडी सांगून पाहिलं, मग 12 जुलैला शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार दिली. 19 जुलैला पहिला मेमो आला, ‘उद्धट वर्तन’. पाठोपाठ आणखी दोन. टेबल काढून घेतलं, प्रयोगशाळेशेजारी बसवलंय. आता संस्थाचालक म्हणतात, कोऱ्या कागदावर सही द्या, मिटवून टाकू; नाहीतर निलंबन. भाची अमेरिकेत असते. ती म्हणते, तिकडे शिक्षक अशा छळाबद्दल सरळ खटला भरतात. आपल्याकडे काय सोय? – एक वाचक

उत्तर : सही देऊ नका. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

वकिलीची सनद घेण्याआधी मीही हायस्कूलच्या ऑफिसात होते. आमच्या एका शिपायाने अशीच सही दिली, आणि महिन्याभरात त्या कागदाचा राजीनामा झाला. खाजगी शाळा कर्मचाऱ्यांच्या 1977 च्या कायद्यात राजीनाम्याची रीत ठरलेली आहे : दोन प्रती, दोन्हींवर सही आणि तारीख, एक प्रत रजिस्टर पोस्टाने संस्थेला, दुसरी स्वतःकडे. संस्थेला पोस्टाचं पाकीट काही दाखवता आलं नाही. माणूस परत कामावर आला, पण दीड वर्ष घरी बसून.

भाची म्हणते ते खरं. इलिनॉयमधल्या मार्विन पिकरिंग या शिक्षकाने शाळा मंडळाच्या पैशांबद्दल वर्तमानपत्रात पत्र लिहिलं, नोकरी गेली, आणि 1968 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याची बाजू घेतली. आपल्या संसदेनेही जागल्यांच्या, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा 2014 मध्ये केला, पण तो अंमलात आणलाच नाही. त्याच्या भरवशावर राहू नका.

तुमचा आधार तो 1977 चा कायदा आणि 1981 ची नियमावली. नुसत्या निलंबनावर शाळा न्यायाधिकरणात अपील होत नाही. बडतर्फी, पदावनती किंवा बढती डावलली तर होतं, आणि तेही 30 दिवसांत. तारीख चुकवू नका. शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी न घेता निलंबित केलं, तर निर्वाह भत्ता संस्थेच्या खिशातून जातो. हे कळलं की पुष्कळ संचालकांचा आवाज खाली येतो! चौकशी समिती तिघांची असते. त्यातला एक तुमचा. भिडस्त माणूस देऊ नका. आणि उच्च न्यायालयात जायची वेळ आलीच, तर ऑगस्ट 2025 पासून सांगलीकरांसाठी कोल्हापूरला खंडपीठाचं काम चालतं, मुंबईची फेरी वाचली.

आता खरा मुद्दा. 17 वर्षांत तुम्हाला एक तरी मेमो होता का? नसेल, तर 12 आणि 19 जुलै या दोन तारखाच तुमच्यासाठी बोलतील. तक्रारीची पोच हातात असू द्या. आवक क्रमांक आणि शिक्का नसेल तर आजच जाऊन घ्या. प्रत्येक मेमोचा खुलासा मुदतीत, लेखी, चार ओळींत द्या. रागाचं एक वाक्य लिहिलंत की ‘उद्धट वर्तन’ खरं ठरलं.

हिशोबही मांडून ठेवा. 41 मुलं, प्रत्येकी 150 ग्रॅम तांदूळ, म्हणजे रोज 6 किलो 150 ग्रॅम. 22 दिवसांत 135 किलो. पन्नास किलोच्या पावणेतीन गोण्या कुठल्यातरी घरात गेल्या, हे साहेबांना आकड्यांपेक्षा गोण्यांत सांगितलेलं लवकर समजतं.

दोन्ही वह्यांच्या नकला माहिती अधिकारात मागा, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. मूळ वही मात्र घरी नेऊ नका. चौथा मेमो त्याचाच निघेल.