रिक्वायरमेंट लिहिताना 'पाहिजे' की 'करावे'?

प्रश्न असा आलाय की सॉफ्टवेअर प्रॉडक्टच्या रिक्वायरमेंट, म्हणजे त्याने काय केलं पाहिजे याच्या अटी, मराठीत लिहायच्या तर वाक्याच्या शेवटी 'पाहिजे', 'करावे' आणि 'करेल' यातलं काय वापरायचं.

माझं मत सरळ आहे, बंधनकारक गोष्टीला फक्त 'पाहिजे', आणि तेही क्रियापदाला जोडून. "पासवर्ड बदलल्यावर बाकी सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट झालं पाहिजे" ही अट झाली, पण "युजरला सर्च पाहिजे" ही नुसती मागणी आहे, तिच्यावरून टेस्टरने काय तपासायचं?

'करावे' मला धोक्याचं वाटतं. सरकारी परिपत्रकात "अर्ज मुदतीत सादर करावा" हा चक्क आदेश असतो आणि बोलताना "जरा लवकर यावं" ही विनंती, म्हणजे एकच रूप वाचून एक डेव्हलपर सक्ती समजणार आणि दुसरा सूचना. इंग्रजीत हाच घोळ टाळायला १९९७ साली आरएफसी २११९ आलं (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक नियमांच्या मालिकेतला एक दस्तऐवज), त्यात मस्ट, शुड, मे यांचे अर्थ बांधून दिले, आणि २०१७ च्या आरएफसी ८१७४ ने सांगितलं की हे शब्द कॅपिटलमध्ये असतील तरच तो खास अर्थ घ्यायचा. आपल्या लिपीत कॅपिटल नाहीतच, त्यामुळे आपल्याला शब्दच वेगळे ठेवावे लागतात. म्हणून ऐच्छिक गोष्टीला मी 'शक्यतो' जोडतो, "यादी शक्यतो तारखेनुसार लावावी", आणि डॉक्युमेंटच्या सुरुवातीला कुठल्या रूपाचा काय अर्थ ते लिहून टाकतो.

'करेल' सिस्टीमच्या वर्णनाला ठीक आहे, पण 'करू शकेल' जपून. "ॲडमिन अकाउंट ब्लॉक करू शकेल" म्हणजे ती सोय द्यायलाच हवी की दिली तर चालेल? त्यापेक्षा "ॲडमिनला अकाउंट ब्लॉक करायची सोय असली पाहिजे" लिहा, सोय सक्तीची आणि वापर ॲडमिनच्या मर्जीवर, दोन्ही एका वाक्यात स्पष्ट होतं.

आणि प्रश्नात नव्हतं तरी सांगतो, खरी गडबड नकारात होते. "ईमेल पाठवायला नको" याचे दोन अर्थ निघतात, पाठवायची गरज नाही किंवा पाठवायचाच नाही, आणि ऑर्डर कॅन्सल झाल्यावर कस्टमरला ईमेल गेला की नाही हे त्या एका 'नको'वर ठरतं. तिथे "पाठवता कामा नये" किंवा "पाठवणं गरजेचं नाही" असं सरळ लिहा, वाक्य लांबलं तरी चालेल.