तीन लाखांचे कर्ज नको, पावसाळ्यातील उचल आधी थांबवा

चंद्रपूर जिल्ह्यातील बुरूडकाम करणाऱ्या एका ताईंनी विचारले आहे की, बांबूचे दिवे आणि फर्निचर करण्यासाठी खासगी वित्तसंस्थेकडून 18 टक्क्यांनी, तीन वर्षांसाठी 3 लाख रुपये घ्यावेत का. पतिपत्नी दोघे सुपे, टोपल्या आणि परड्या विणतात आणि वर्षाची सरासरी धरली तर महिन्याला 14,000 रुपये हाती येतात.

ताई, या कर्जाचा हप्ता साधारण 10,850 रुपये पडेल. तो भरून घरात जेमतेम 3,150 रुपये उरतील, आणि दिव्यांची विक्री अजून सुरूही झालेली नाही. शहरातले दुकानदार असा माल बहुधा विकल्यावर पैसे देण्याच्या बोलीवर ठेवून घेतात. हप्त्याची तारीख मात्र थांबत नाही. त्यामुळे हे कर्ज घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तुमच्या पत्रातील खरी गळती मला दुसरीकडेच दिसते. आषाढापासून चार महिने लग्ने नसतात, गिऱ्हाईक आटते, म्हणून तुम्ही व्यापाऱ्याकडून उचल घेता आणि बाजारात 150 रुपयांना जाणारे सूप त्याला 90 रुपयांना देता. महिन्याला 60 सुपे धरली तरी एका पावसाळ्यात 14,400 रुपये हातचे जातात. तुमच्या कसबी हातांची ही मजुरी आहे आणि ती तुमच्याच घरात राहायला हवी.

यासाठी केंद्र सरकारच्या, कारागिरांसाठी असलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील कर्जाचा पहिला टप्पा पुरेसा आहे. टोपल्या विणणारे कारागीर त्यात येतात. 5 टक्के व्याजाने, तारण न ठेवता, 18 महिन्यांसाठी 1 लाखापर्यंत कर्ज मिळते आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर वेगळे मिळते. हप्ता सुमारे 5,780 रुपये येईल आणि पूर्ण मुदतीचे व्याज साधारण 4,000 रुपये, म्हणजे एका पावसाळ्यातील तोट्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. रक्कम हाती येताच चार हप्त्यांचे सुमारे 23,100 रुपये बाजूला काढा, जुनी उचल फेडा आणि उरलेल्यातून बांबूची खरेदी व पावसाळ्यातील तुमची स्वतःची मजुरी भागवा. विणलेला माल मात्र जमिनीवर रचू नका. बुरशी किंवा भुंगा लागला तर हा सगळा हिशेब कोलमडेल. उंच, हवेशीर मांडणीवर नीट वाळवून ठेवलेली सुपे तुळशीच्या लग्नानंतर पूर्ण भावाने विका.

अर्ज कुटुंबातील एकाच व्यक्तीला करता येतो आणि त्याची पडताळणी तीन पातळ्यांवर होते, म्हणून उशीर करू नका. दिव्यांचा नाद सोडा, असे मी म्हणत नाही. व्हाउचरमधून घेतलेल्या अवजारांवर थोडे नमुने करून पाहा. पहिले कर्ज वेळेवर फेडून डिजिटल व्यवहार सुरू ठेवले, तर याच योजनेतून 30 महिन्यांसाठी 2 लाखांपर्यंत मिळू शकतात; दिव्यांसाठी यंत्र घ्यायचे का, हा निर्णय त्या वेळी, दिव्यांच्या किमान दोन हंगामांच्या विक्रीची वही समोर ठेवून घ्या.