गळाची शिशाची वजनं घरी ओतताना

दिवाळे जेट्टीवर गळ टाकायला स्वतःची वजनं ओतायची म्हणताय, जरूर ओता. सुरुवातीला साचा एकच घ्या, 50 ग्रॅमचा.

सगळ्यात मोठा धोका पाण्याचा. साच्यात थेंबभर ओल राहिली तरी तिची क्षणात वाफ होते आणि वितळलेलं शिसं थेट तोंडावर उडतं. आपल्याकडे पावसाळ्यात हवाच दमट, त्यामुळे साचा आधी चांगला तापवा. भांड्यात नंतर टाकायचा तुकडाही गरम, कोरडा हवा. गॉगल, चामड्याचे हातमोजे आणि बूट घालाच. चपला अजिबात नकोत.

शिसं 327 अंश सेल्सिअसला वितळतं. वजनावर सुरकुत्या आल्या की समजा साचा अजून थंड आहे. पहिली चार-पाच अशीच निघतात, खुशाल परत वितळवा. पितळी तारेची कडी मात्र ओतण्याआधीच बसवायची, मागून बसत नाही.

नवीन लोक हमखास चुकतात ते इथे:
- फ्लॅटच्या बंद गॅलरीत ओततात. मोकळी जागा शोधा, मुलांना लांब ठेवा.
- भांडं पुन्हा स्वयंपाकघरात नेतात. लोखंडी भांडं कायमचं वेगळं काढा.
- जुन्या बॅटरीचं शिसं वापरतात. फुकट मिळालं तरी नको. त्यात ॲसिड असतं, वितळवताना विषारी वायूही निघू शकतो.

आणि हात साबणाने धुतल्याशिवाय चहाचा कप उचलू नका.