कोरड्या डोंगरउतारावरची माती कशी असते?

सर्वात आधी लक्षात ठेवा: ती उथळ असते. शास्त्रीय वर्गीकरणात तिला लेप्टोसॉल म्हणतात. ग्रीक ‘लेप्टोस’ म्हणजे पातळ. बहुतेकदा २५ सेंटिमीटरच्या आतच सलग खडक लागतो, नाहीतर दगडगोटेच इतके की बारीक माती नावापुरती. खडक झिजून माती तयार होते, पण उतारावरून पावसाच्या एखाद्या जोरदार सरीत ती वाहून जाते, म्हणून थर कधी साठतच नाही. त्यात ओल कमी, झाडोरा विरळ, त्यामुळे सेंद्रिय अंशही सहसा कमीच. खडक चुनखडीचा असेल तर मात्र वरचा थर काळसर, कसदारही सापडतो. पाणी झटकन निचरते. अशा जमिनीवर नांगर घालू नये असं माझं ठाम मत आहे. गवत, झुडपं राहू द्यावीत.